‘जड’: एका शब्दात सामावलेले भौतिकशास्त्र

मराठी माध्यमातून विज्ञान खरोखर शिकता येते का, हा प्रश्न सीमाभागातील घरांत दरवर्षी शाळाप्रवेशाच्या दिवसांत नव्याने विचारला जातो. विचारणारे बहुधा पालकच असतात, आणि त्यांच्या विचारण्यामागे भाषेविषयीच्या अनास्थेपेक्षा मुलाविषयीची काळजी अधिक असते. “प्राथमिकपर्यंत ठीक आहे ओ, पण पुढे त्वरण, संवेग, घर्षण असले शब्द पाठ करून त्याचे काय होणार? शेवटी सगळे इंग्रजीतच शिकायचे ना?” या काळजीला आपण चळवळीतली माणसे सहसा अस्मितेचे उत्तर देतो. परंतु आपल्या मुलाला बलाची संकल्पना समजेल की नाही हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याचे समाधान भाषेच्या वैभवाच्या वर्णनाने होत नाही. त्याला भौतिकशास्त्राच्या वर्गात उभे राहूनच उत्तर दिले पाहिजे. या लेखात तसा प्रयत्न करीत आहे.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी मी बेळगाव तालुक्यातील एका गावात नववी-दहावीच्या मुलांचा गणित-विज्ञानाचा वर्ग घेतो. मुले मराठी माध्यमाची, घरात मराठी बोलणारी, बाजारात कन्नड समजणारी आणि मोबाइलवर हिंदी ऐकणारी. ‘बल आणि गती’ हा पाठ आला की पुस्तक उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याचा माझा परिपाठ आहे. एक मोठा दगड आणि एक लहान खडा एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडला, तर आधी कोण पडेल? उत्तर दरवर्षी तेच येते. “जड दगडच आधी पडणार की ओ, सर!”

हे उत्तर देणारी मुले एकटी नाहीत. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचेही मत तसेच होते. वस्तू जितकी जड तितकी ती वेगाने पडते, हा समज युरोपात सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिला. तो मोडून काढण्याचे श्रेय गॅलिलिओला दिले जाते, आणि त्यासाठी पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा सांगितली जाते. ती कथा त्याच्या शिष्याने, व्हिव्हियानीने, लिहून ठेवली आहे. प्रयोग खरोखर तसा झाला का, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. मात्र गॅलिलिओने केलेला युक्तिवाद त्याच्या ग्रंथात आहे. त्याला मनोरा लागत नाही, सूत्र लागत नाही. साधी भाषा पुरते.

युक्तिवाद असा. समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका दगड सावकाश पडतो. आता दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधून सोडले. हलका दगड मागे रेंगाळणार आणि जड दगडाला मागे ओढणार. म्हणजे ही जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण दोन्ही मिळून वजन तर वाढले आहे; म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा वेगाने पडली पाहिजे. एकच जोडी एकाच वेळी अधिक सावकाश आणि अधिक वेगाने कशी पडेल? तेव्हा मूळ समजूतच टाकून द्यावी लागते. हा युक्तिवाद मी वर्गात मराठीतून मांडतो, तेव्हा थोडा वेळ शांतता पसरते आणि मग मुले आपसांत वाद घालू लागतात. ज्या भाषेत मुलाला वाद घालता येतो, त्या भाषेत त्याला विज्ञान शिकता येते. माझ्या मते माध्यमाची खरी कसोटी हीच आहे.

ज्या ग्रंथात हा युक्तिवाद आहे, तो 1638 मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्याची भाषारचना आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी युरोपातील विद्वानांची भाषा लॅटिन होती. गॅलिलिओने तीन व्यक्तींमधील संवाद आपल्या इटालियन भाषेत लिहिले आणि त्यांत मधूनमधून येणारी गणिती प्रमेये लॅटिनमध्ये ठेवली. समजून घेण्याची, शंका विचारण्याची भाषा लोकांची. नेमक्या सिद्धांताची भाषा विद्वानांची. पुढे न्यूटनने गतीचे नियम मांडणारा आपला ग्रंथ 1687 मध्ये लॅटिनमध्ये लिहिला, तर प्रकाशावरचा ग्रंथ 1704 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. आज जिला आपण विज्ञानाची भाषा म्हणतो, ती इंग्रजीदेखील एके काळी ज्ञानाच्या दारात अशीच संकोचाने उभी होती.

आता पुन्हा दगडाकडे वळू. युक्तिवादाने मुलांची जुनी समजूत डळमळते, पण दोन्ही दगड बरोबर का पडतात, याचे कारण अजून हाती आलेले नसते. येथे मराठीतला एक घरगुती शब्द शिक्षकाच्या मदतीला येतो. तो शब्द म्हणजे ‘जड’.

मराठीत ‘जड’ म्हणजे वजनदार. पाण्याने भरलेली घागर जड, भाताचे पोते जड. त्याच वेळी ‘जड’ म्हणजे अचेतन, स्वतःहून न हलणारे, हलवायला गेले तर नाखुशीने हलणारे. जेवणानंतर अंग जड होते, ते काही वजन वाढल्यामुळे नव्हे; ते हलायला नाखूश होते म्हणून. वस्तू आहे त्या स्थितीत राहू पाहते, या गुणधर्माला भौतिकशास्त्रात ‘जडत्व’ म्हणतात, ते या दुसऱ्या अर्थावरून. संस्कृतात आणि हिंदीत हा शब्द मुख्यतः दुसऱ्या अर्थाने नांदतो. वजनदार वस्तूला हिंदी माणूस ‘भारी’ म्हणतो आणि कन्नड माणूस ‘भार’ म्हणतो. मराठीने मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात घरी ठेवले आहेत.

मुलांना मी सांगतो, “दहा किलोचा दगड एक किलोच्या खड्यापेक्षा दोन्ही अर्थांनी दसपट जड आहे. वजनाने जड, म्हणून पृथ्वी त्याला दसपट जोराने ओढते. आणि हलण्याच्या बाबतीत जड, म्हणून त्याचा वेग तेवढाच वाढवायला दसपट जोर लागतो. दसपट ओढ आणि दसपट नाखुशी. मग पुढे कोण जाणार?” बहुतेक वेळा उत्तर देणारा हात मागच्या बाकावरून वर होतो. “दोन्ही बरोबरच की, सर!”

त्यानंतर फळ्यावर आकडे मांडले की ते डोक्यात बसतात. एक किलोच्या खड्यावर पृथ्वीचे बल 9.8 न्यूटन, दहा किलोच्या दगडावर 98 न्यूटन. बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. दोन्ही ठिकाणी उत्तर 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे दर सेकंदाला वेगात 9.8 मीटर प्रति सेकंद एवढी भर. न्यूटनचा दुसरा नियम पाठ करण्यापूर्वीच मुलांनी तो वापरलेला असतो.

वजनाने जड असणे आणि हलायला जड असणे ही दोन्ही मापे नेहमी तंतोतंत सारखी का यावीत, हा प्रश्न पुढे आइन्स्टाइनच्या विचाराचा आरंभबिंदू ठरला, आणि 1915 च्या त्याच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा पाया या समानतेवर उभा आहे. 2016 मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहावर हीच समानता तपासण्यात आली; सुमारे एकाला दहाच्या पंधराव्या घाताने भागले असता येणाऱ्या सूक्ष्मतेपर्यंतही तिच्यात फरक आढळला नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘जड’ या शब्दात दोन अर्थ आहेत, म्हणून आपल्या पूर्वजांना आइन्स्टाइनचा सिद्धांत ठाऊक होता, असे अनुमान कोणी काढू नये. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला, त्यापूर्वी कित्येक शतके वैशेषिक दर्शनाने ‘गुरुत्व’ हे पतनाचे कारण मानले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण पडणारी वस्तू किती सेकंदांत किती अंतर कापते, याचे मोजलेले गणित ही वेगळी कमाई आहे आणि ती ज्याची त्याला दिली पाहिजे. शब्दाचा उपयोग आकलनाचे दार म्हणून करावा. पुराव्याचा दाखला म्हणून करू नये.

मोजण्याचे काम गॅलिलिओने उतरत्या फळीवर केले. सरळ खाली पडणारी वस्तू त्याच्या काळच्या साधनांना हाती लागण्याइतकी सावकाश पडत नव्हती. म्हणून त्याने गुळगुळीत पन्हळीतून गोळा घरंगळत सोडला आणि भांड्यातून वाहून गेलेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. सारख्या कालखंडांत कापलेली अंतरे 1, 3, 5, 7 अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, असे त्याला आढळले. आमच्याकडे हे पडताळायला विहीर आहे. खडा सोडायचा आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. पहिल्या सेकंदाअखेर 4.9 मीटर, दुसऱ्या सेकंदाअखेर 19.6 मीटर, म्हणजे सुमारे 64 फूट. आवाज वर येण्यास लागणारा वेळ एवढ्या खोलीला सेकंदाचा जेमतेम सतरावा भाग असल्याने तो सोडून दिला तरी चालतो. विहिरीची खोली पुरुषांत मोजणारे आजोबा आणि सेकंदांत मोजणारी नात कठड्यापाशी उभे राहून आपापले उत्तर ताडून पाहतात, तेव्हा मराठी माध्यमाची बाजू मला वेगळी मांडावी लागत नाही.

मग पीस सावकाश का पडते? हा प्रश्न मुले विचारतातच आणि विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर हवेत आहे. वहीवर कागदाचा कपटा ठेवून वही सपाट सोडली, तर कपटा वहीबरोबरच खाली येतो. वेगळा सोडला तर तरंगत येतो. वहीने त्याच्या वाटेतली हवा बाजूला सारलेली असते. 2 ऑगस्ट 1971 रोजी ‘अपोलो 15’ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबर पडली. चंद्रावर त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने ती पडली सावकाश, पण पडली एकत्र.

घर्षणाच्या बाबतीत तर मराठीचे घर भरलेले आहे. ‘घासणे’ आणि ‘घर्षण’ हे एकाच संस्कृत धातूचे वंशज. शिवाय घसरणे, सरकणे, फरफटणे, घरंगळणे, गडगडणे ही क्रियापदे मुलाच्या जिभेवर आधीच असतात. पोते फरफटत नेणे आणि पिंप घरंगळत नेणे यांतला श्रमाचा फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला सर्पी घर्षण आणि लोटन घर्षण यांचा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. केवळ नाव द्यावे लागते. कपाट हलवताना पहिला रेटा सर्वांत मोठा लागतो आणि एकदा ते सरकले की काम सोपे होते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. स्थिर वस्तूवरचे घर्षण गतिमान वस्तूवरच्या घर्षणापेक्षा अधिक असते, हा पाठ्यपुस्तकातला नियम म्हणजे हेच. बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात आणि त्याच गाडीच्या चाकाखाली चढावर दगड का लावतात, या दोन प्रश्नांत घर्षण कोठे नको आणि कोठे हवे, याचे उत्तर आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना तर ते जीवाशी संबंधित आहे. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ओल्या रस्त्यावर घर्षण घटल्याने ते अंतर आणखी वाढते.

येथवर पालकांच्या प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग पारिभाषिक शब्दांचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ‘त्वरण’ हा शब्द मुलाच्या घरात नसतो, हे खरेच. त्याचा ‘त्वरा’शी संबंध असल्याने अतिशय वेगाने जाणे म्हणजे त्वरण, असा गैरसमजही होतो. प्रत्यक्षात ताशी ऐंशी किलोमीटरने सरळ जाणाऱ्या एकसारख्या वेगाच्या गाडीचे त्वरण शून्य असते, आणि नुकतीच हललेली बैलगाडी त्वरणात असते. पण ही अडचण एकट्या मराठीची आहे काय? इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ वस्तुमान, त्याच शब्दाचा अर्थ चर्चमधली प्रार्थना. डोक्यावर ओझे घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या माणसाने भौतिकशास्त्राच्या मते ओझ्यावर कार्य शून्य केले, हे इंग्रज मुलालाही प्रथम पटत नाही. रोजचा शब्द घासून नेमका करणे, हे प्रत्येक भाषेतील विज्ञानशिक्षणाचे काम आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला यात एक जादा अडचण आहे, आणि एक जादा संधीही. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘वस्तुमान’ म्हणतात, त्याला इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी पुस्तकात ‘द्रव्यमान’ म्हणतात, वडोदऱ्याच्या गुजराती पुस्तकात ‘दळ’ म्हणतात, आणि कन्नड तसेच तेलुगू पुस्तकांत ‘द्रव्यराशी’. त्वरण हिंदीत त्वरण, तेलुगूत त्वरणम्, गुजरातीत प्रवेग, कन्नडमध्ये वेगोत्कर्ष. मराठीतली ‘चाल’ कन्नडमध्ये ‘जव’ होते, गुजरातीत ‘झडप’ होते. बल आणि घर्षण मात्र किरकोळ रूपभेदाने सगळीकडे तेच. म्हणजे ज्या शब्दांना आपण अवघड मराठी म्हणून नावे ठेवतो, त्यांतले बरेचसे शेजारच्या भाषांशी जोडणारे पूल आहेत. बेळगावचे मूल ‘घर्षण’ शिकते, तेव्हा कन्नडमधील ‘घर्षणे’ त्याला फुकट मिळते.

अर्थात काही पुलांवर जपून पाऊल टाकावे लागते. हिंदीत ‘आवेश’ म्हणजे विद्युतप्रभार. मराठी मुलाला तो वक्त्याच्या भाषणात आढळतो. गुजरातीतले ‘दळ’ आपल्याला सैन्याची आठवण करून देते. कन्नडमध्ये ‘चलने’ म्हणजे गती, आणि आपले ‘चलन’ बँकेत सापडते. असे शब्द वर्गात हसतखेळत समोर ठेवले, तर मुले ते विसरत नाहीत.

मराठी समाजाला या कामाचा वारसाही आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, ते मराठीतून नव्या विद्यांचा परिचय करून देण्यासाठी. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात 1890 मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचा प्रयत्न झाला. हैदराबादेत 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू निवडली. मराठवाड्यातील कित्येक मराठी विद्यार्थी त्या माध्यमातून शिकले. उर्दूत घर्षणाला ‘रगड’ म्हणतात. पाट्यावर वरवंट्याने मिरची रगडणाऱ्या मराठी घराला तो शब्द परका वाटण्याचे कारण नव्हते.

म्हणून पालकांना माझे उत्तर आता असे असते. मूल पुढे इंग्रजीत शिकेल, शिकलेच पाहिजे. पण बल म्हणजे काय, हे ज्याला एका भाषेत खरोखर समजले आहे, त्याला दुसऱ्या भाषेत केवळ नाव शिकावे लागते. ज्याला कोणत्याच भाषेत समजलेले नाही, त्याला सूत्र तेवढे पाठ असते. असे मूल अकरावीत गेल्यावर अडखळते, आणि दोष मात्र मराठीच्या माथी येतो.

त्याच वेळी चळवळीलाही काही सांगणे आहे. दुकानावरच्या पाटीसाठी आपण जेवढे झगडतो, तेवढी आस्था वर्गातल्या फळ्याविषयी दाखवली आहे काय? आपल्या शाळांत प्रयोगाचे साहित्य आहे काय, विज्ञानाच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे काय, पाठाच्या शेवटी मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी दिले आहेत काय, हे प्रश्न आपल्या निवेदनांत क्वचितच असतात. भाषा सण, समारंभ आणि सभांपुरती उरली की ती मरत नाही; पण मुलांच्या विचारातून हळूहळू निघून जाते. ती तेथे राहावी, यासाठी पडणाऱ्या दगडाविषयी तिच्यात बोलता आले पाहिजे.

वाचकांना एक विनंती. ढकलणे, ओढणे, घसरणे, पडणे, थांबणे यांविषयी आपापल्या घरात आणि व्यवसायात जे शब्द रूढ आहेत, ते लिहून कळवावेत. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद आणि गोवा येथील मराठीत असे कितीतरी शब्द असतील, जे पुण्या-मुंबईच्या कोशांत आले नसतील. गाडीवान, गवंडी, सुतार, विहिरी खणणारे यांच्याकडे आवर्जून विचारावे. शब्दाबरोबर तो कोणत्या कामात वापरतात, हेही लिहावे. जमलेली यादी नववीच्या पाठाला जोडून शिक्षकांच्या हाती द्यावी, असा विचार आहे.